ठेक्यावरचा कट आणि गाणारा चेहरा

विद्यार्थ्यांनी केलेला पॉप गाण्याचा व्हिडिओ सुरू झाला की थोड्याच वेळात कळतं, एडिटला बसलेल्याने गाणं ऐकलंय की नुसते ठोके मोजलेत. ठोके मोजलेले व्हिडिओच जास्त येतात. ड्रमचा ठोका पडला की शॉट बदलतो, पुढचा पडला की पुन्हा बदलतो. गाणारी मुलगी, कॉलेजचा जिना, बुलेटचं चाक, पुन्हा ती मुलगी, वरून ड्रोन, कुणाचे तरी बूट, पुन्हा मुलगी. गाणं संपतं तेव्हा ती गात कशी होती हे कुणालाच सांगता येत नाही. तरीही मूल्यमापनाच्या कागदावर ‘बीट सिंक चांगलं आहे’ असा शेरा येतो आणि गुणही मिळतात. मी एडिटिंग शिकवते, आणि या शेऱ्याला माझा विरोध आहे. ठेक्यावर कट मारणं हे कौशल्य म्हणून शिकवलं जातंय आणि त्यामुळे मुलांची ऐकायची आणि बघायची सवय मोडते आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी साधा हिशेब करू. नाचायला लावणारं गाणं बऱ्याचदा १२० बीपीएमच्या आसपास असतं. म्हणजे मिनिटाला १२० ठोके, अर्ध्या सेकंदाला एक. तीन मिनिटांच्या गाण्यात ३६० ठोके झाले. दर ठोक्याला कट मारला तर ३६० शॉट लागतील, दर चौथ्या ठोक्याला मारला तरी ९०. दोन दिवसांचं शूटिंग, दोन मोबाइल आणि कुणाचा तरी मागून आणलेला डीएसएलआर, एवढ्यावर नव्वद वेगळे आणि बघावेसे वाटणारे शॉट हाती लागणं फार अवघड आहे. मग भरती सुरू होते. चाक, बूट, आकाश, धूर ही सगळी भरतीच. गाण्याला यातलं काही नको असतं. ठोक्यांची संख्या मोठी आणि फुटेज थोडं, म्हणून ते घातलं जातं.

दुसरा हिशेब फ्रेमचा. आपल्याकडे प्रोजेक्टची टाइमलाइन बहुतेक वेळा सेकंदाला २५ फ्रेमची असते. १२० बीपीएमच्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये साडेबारा फ्रेम येतात, आणि अर्धी फ्रेम कापता येत नाही. एक ठोका फ्रेमच्या काठावर बसला की पुढचा एका फ्रेमच्या मधोमध पडतो. २४ फ्रेमच्या टाइमलाइनवर तो बरोबर बारा फ्रेमवर येईल. २५ फ्रेमवरच बसवायचा तर गाणं १२५ बीपीएमचं हवं. गाणं बांधणाऱ्या मित्राने यातला काही विचार केलेला नसतो आणि त्याने तो करावा अशी अपेक्षाही नाही. त्याला सुचलं त्या लयीत त्याने गाणं केलं. तेव्हा ज्याला आपण ‘अचूक बीटवर’ म्हणतो तो कट वीस मिलिसेकंद इकडे किंवा तिकडे असतोच, आणि कुणालाही ते खटकत नाही. शिवाय हल्ली सॉफ्टवेअर ठोके आपलं आपण ओळखून टाइमलाइनवर मार्कर टाकतं, आणि त्या मार्करवर शॉट बसवून देणारी मोबाइल अॅपही आहेत. जे काम फोन काही सेकंदांत करून देतो त्याला वर्षभराच्या शिक्षणाचं फळ म्हणून गुण द्यायचे, हे मला पटत नाही.

गाणं आणि ठेका यांचं नातं आपल्या संगीताने फार आधी समजून घेतलं आहे. तीनतालाच्या सोळा मात्रा, पहिलीवर सम, नववीवर काल. तबलजी ठेका धरून ठेवतो तो गाणाऱ्याला निर्धास्त फिरता यावं म्हणून. गाणारा मात्रेमात्रेवर पाय टाकत चालत नाही. तो रेंगाळतो, एखाद्या शब्दाशी थांबतो, दोन शब्द घाईने घेतो, आणि समेवर आला की समोरच्यांच्या माना हलतात. ती दाद मधल्या पंधरा मात्रांनी कमावलेली असते. पॉप गाणं चार-चार मात्रांत बांधलेलं असतं, आपली पुष्कळ गाणी केरव्याच्या आठ मात्रांत सहज बसतात, पण तत्त्व बदलत नाही. ठेका गाण्यात आहेच, कानांना स्पष्ट ऐकू येतो आहे. चित्रानेही तोच वाजवला तर बघणाऱ्याला जास्तीचं काय मिळालं? चित्राची जागा गायकाची आहे. ठेका धरायला गाण्यात दुसरं कुणीतरी आधीच बसलेलं आहे.

‘अपोकॅलिप्स नाऊ’च्या एडिटरांपैकी एक असलेल्या वॉल्टर मर्चने कट मारताना कशाला किती वजन द्यावं याचे आकडे मांडले आहेत. भावनेला ५१ टक्के, गोष्टीला २३, लयीला १०. उरलेले सोळा टक्के प्रेक्षकाची नजर कुठे आहे, पडद्यावरची मांडणी आणि दृश्यातली जागा यांत वाटलेले आहेत. हे आकडे तंतोतंत घ्यायचे नाहीत, क्रम घ्यायचा. विद्यार्थी मला सांगतात की मॅडम, हे चित्रपटासाठी आहे, गाण्यात लयच पहिली. मी उलटं म्हणते. कथापटात एडिटरला लय स्वतः तयार करावी लागते, कारण तिथे ती आयती मिळत नाही. तिथेही मर्च तिला दहा टक्केच देतो. गाण्यात लय आयती हातात आहे, म्हणजे एडिटरच्या डोक्यावरचं एक मोठं ओझं आधीच उतरलेलं आहे. म्युझिक व्हिडिओ एडिट करणारा विद्यार्थी कथापटाच्या एडिटरपेक्षा जास्त मोकळा असतो. ही मोकळीक तो पहिल्याच दिवशी मार्करच्या हवाली करून टाकतो, याचं मला वाईट वाटतं.

सिनेमाला आवाज मिळत होता तेव्हाच हा धोका काही लोकांनी ओळखला होता. १९२८ साली आयझेनस्टाइन, पुदोव्हकिन आणि अलेक्झांद्रोव्ह यांनी एक संयुक्त निवेदन काढलं. चित्राला ध्वनी नुसता चिकटवला तर चित्रांच्या जोडणीतली ताकद जाईल, दोघांनी एकमेकांना छेद द्यायला हवा, असा त्याचा रोख होता. दहा वर्षांनी ‘अलेक्झांडर नेव्हस्की’ करताना आयझेनस्टाइन संगीतकार प्रोकोफिएव्हबरोबर बसला. काही प्रसंगांत संगीत आधी झालं आणि चित्र त्यावर बसवलं, काही प्रसंगांत चित्र आधी कापलं आणि संगीत मागून आलं. दोघांपैकी कुणी कुणाचा नोकर नव्हता. आपल्या प्रोजेक्टमध्ये गाणं नेहमी आधी होतं, त्यामुळे ही अदलाबदल करता येत नाही हे खरं. पण गाण्याच्या पुढे-मागे राहायला, त्याच्याशी थोडं भांडायला कुणी अडवलेलं नाही.

एक अपवाद मात्र मोकळ्या मनाने मान्य करायला हवा, कारण विद्यार्थी तो पुढे करतात आणि त्यांचं बरोबर असतं. मिशेल गाँद्रीने २००२ साली केमिकल ब्रदर्सच्या ‘स्टार गिटार’चा व्हिडिओ केला. रेल्वेच्या खिडकीतून दिसणारा देखावा, बाकी काही नाही. हळूहळू लक्षात येतं की बाहेरून जाणारा खांब, पूल, इमारत, उलट दिशेने येणारी गाडी यांतलं प्रत्येक काही संगीतातल्या एकेका आवाजाबरोबर येतं आणि जातं. इथे ठोक्याशी तंतोतंत जुळणं हाच व्हिडिओचा विषय आहे. पण बघणाऱ्याला त्यात कट दिसत नाही. गाँद्रीने आधी कागदावर आराखडा काढला, घरातल्या वस्तू मांडून कुठल्या आवाजाला काय जाईल ते ठरवलं, मग फुटेज एकात एक जोडून अखंड प्रवास उभा केला. म्हणजे जुळणी हवीच असेल तर तिची मागणी एवढी मोठी आहे. शूटिंग संपल्यावर मार्करवर शॉट टाकून ती साधत नाही.

दुसऱ्या टोकाला गोष्टी अधिक आहेत. १९९० सालच्या ‘नथिंग कंपेअर्स टू यू’च्या व्हिडिओत दिग्दर्शक जॉन मेबरीने पॅरिसच्या बागेतली दृश्यं वापरली आहेत, पण बहुतेक वेळ पडद्यावर शिनेड ओकॉनरचा चेहरा आहे, जवळून, काळ्या पार्श्वभूमीवर. शेवटाकडे तिच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि शॉट चालू राहतो. तिथे कुणी ठोका पाहून कट मारला असता तर काय उरलं असतं? आणि यासाठी परदेशात जायचीही गरज नाही. विजय आनंद आपल्या चित्रपटांचं एडिटिंग स्वतः करायचे आणि गाण्यांच्या चित्रीकरणात त्यांचा हात धरणारा मिळणं कठीण. ‘गाइड’मधलं ‘तेरे मेरे सपने’ मोजक्याच, लांबलचक शॉटमध्ये उलगडतं. पात्रं दूर जातात, जवळ येतात, कॅमेरा त्यांच्यामागे राहतो, आणि कट येतो तेव्हा त्याची गरज जाणवते. हे १९६५ सालचं काम आहे. त्याच माणसाने ‘तीसरी मंझिल’ आणि ‘ज्वेल थीफ’मधली धावती, नाचती गाणीही केली, त्यामुळे संथपणा हा त्यांचा स्वभाव होता असं कुणी म्हणू नये. कुठल्या गाण्याला काय हवं ते ते ऐकत होते.

अजून मागे गेलं तर प्रभातचा ‘संत तुकाराम’ आहे, १९३६ सालचा. विष्णुपंत पागनिस स्वतः गातात आणि आपण त्यांना गाताना बघतो. प्रभातच्या त्याच आवारात १९६० साली पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि तिथूनच पुढे रेणू सलुजांसारख्या एडिटर आल्या. मराठी मुलाला गाण्याच्या चित्रणाचा वारसा शोधायला म्युझिक चॅनेलच्या काळापाशी थांबायचं कारण नाही. एमटीव्ही अमेरिकेत १९८१ साली सुरू झालं, भारतात १९९६ साली आलं. आपण गाणी पडद्यावर बघायला लागलो त्याला तोवर साठेक वर्षं होऊन गेली होती.

आता ज्या कामात विद्यार्थ्याचा सगळ्यात जास्त वेळ जायला हवा आणि सगळ्यात कमी जातो त्याबद्दल बोलते. ते काम म्हणजे ओठ जुळवणं, ज्याला सगळेच लिप-सिंक म्हणतात.

मोबाइलवर शूट केलेल्या फुटेजची एक अडचण अशी की बरेच फोन फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाहीत. उजेड कमी झाला की फोन फ्रेम हळू घेतो, वाढला की पुन्हा जलद. असं फुटेज थेट टाइमलाइनवर ओढलं की मुखड्याला ओठ जुळलेले असतात, पहिल्या अंतऱ्यापर्यंत थोडे सैल होतात आणि शेवटी गाणं एकीकडे आणि तोंड दुसरीकडे. मुलं घाबरतात आणि गायिकेला दोष देतात. तिचा दोष काही नसतो. फुटेज आधी स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घेतलं, किंवा शूटिंगच्या वेळीच कॅमेऱ्याच्या अॅपमध्ये वेग बांधून ठेवला, तर प्रश्न मिटतो.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. घाटावर किंवा माळावर लांबून शॉट घ्यायचा असतो. स्पीकर कॅमेऱ्याशेजारी ठेवलेला असतो आणि गाणारी तीस मीटरवर उभी. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तिच्यापर्यंत पोचायला त्याला जवळजवळ ९० मिलिसेकंद लागतात. ती ऐकून ओठ हलवते, तेव्हा ते ओठ कॅमेऱ्याच्या माइकवर आलेल्या गाण्यापेक्षा दोन फ्रेमहून थोडे जास्त मागे असतात. सॉफ्टवेअर मात्र कॅमेऱ्याच्या माइकवरचा आवाज आणि मूळ गाणं यांच्या लाटा जुळवतं आणि सांगतं की सिंक झालं. युरोपातल्या प्रसारण संघाची जुनी शिफारस आहे की आवाज चित्राच्या ४० मिलिसेकंदांहून पुढे आणि ६० मिलिसेकंदांहून मागे जाऊ नये. इथे आवाज ९० मिलिसेकंद पुढे आहे, आणि पुढे गेलेला आवाज डोळ्याला जास्त टोचतो. यंत्राने जुळलं म्हटलेलं हे फुटेज माणसाने डोळ्यांनी बघून दोन-तीन फ्रेम सरकवावं लागतं.

ते बघायचं कसं? ओठांच्या वर्णांवर. प, फ, ब, भ, म म्हणताना दोन्ही ओठ मिटतात. शब्दात जिथे पवर्गातलं अक्षर आहे तिथे थांबायचं, फ्रेम-फ्रेम पुढे जायचं आणि ओठ मिटलेली फ्रेम कुठे आहे ते शोधायचं. ‘पाऊस’, ‘मन’, ‘भेट’ हे शब्द पॉप गाण्यात नसतील असं होत नाही. हे करत असताना विद्यार्थ्याला पहिल्यांदा आपल्या मैत्रिणीचा चेहरा खरोखर दिसायला लागतो. ती ओळीच्या आधी श्वास घेते, तेव्हा खांदा किंचित वर जातो. अवघड स्वराच्या आधी ती खाली बघते. एका टेकमध्ये ती शब्द विसरली आणि हसली, आणि ते हसू पुढच्या ओळीभर तिच्या आवाजात नसलं तरी चेहऱ्यावर राहिलं. ठेक्यावर कट मारणाऱ्याला यातलं काही सापडत नाही, कारण श्वास ठोक्यावर पडत नाही. तो ठोक्याच्या आधी, ओळीच्या आधी पडतो, आणि नेमका तिथेच मार्करवरचा कट येऊन त्याला कापून टाकतो. व्हिडिओत गाणारा माणूस गात नसून तोंड हलवतोय असं वाटतं त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. त्याचे सगळे श्वास कटांमध्ये गेलेले असतात.

म्हणून मी मुलांना सांगते, शॉट श्वासाआधी सुरू करा. गाण्यातला शब्द येण्याआधी चेहरा पडद्यावर असू द्या, म्हणजे प्रेक्षक त्या शब्दाची वाट बघेल. आणि शब्द संपल्यावर लगेच पळू नका. एखाद्या कडव्याचा अर्थ शब्द संपल्यानंतरच्या दोन सेकंदांत चेहऱ्यावर उतरतो, त्या वेळी कीबोर्डवाला वाजवत असला तरी त्याच्याकडे जायची घाई नको.

यावर पहिला आक्षेप येतो तो प्रामाणिक असतो. ‘मॅडम, आमची मुलगी अभिनेत्री नाही. लांब शॉट ठेवला तर तिचा संकोच दिसतो.’ दिसतो. पण तो झाकायला घातलेले कटही दिसतात, आणि झाकायचा प्रयत्न जास्त दिसतो. शिवाय एकोणीस वर्षांच्या मुलीचा कॅमेऱ्यासमोरचा संकोच ही काही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही. व्यावसायिक व्हिडिओत तो पैसे देऊनही मिळत नाही. गाणं प्रेमाचं असेल तर त्याला तो शोभतोसुद्धा. एडिटरला हे ठरवावं लागतं की कुठला संकोच गाण्याचा आहे आणि कुठला कॅमेऱ्याचा. पहिला ठेवायचा, दुसरा काढायचा. हा फरक ठोके मोजून कळत नाही, दहा वेळा टेक बघून कळतो. आणि वेळ ही एकच गोष्ट विद्यार्थ्यांकडे व्यावसायिकांपेक्षा जास्त असते.

दुसरा आक्षेप प्रेक्षकाचा. लोक मोबाइलवर बघतात, अंगठा वर सरकायला तयारच असतो, तीन सेकंदांत पकडलं नाही तर गेला. हे मी नाकारत नाही. संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ २०२४ साली महाराष्ट्राबाहेर पोचलं ते मोठ्या प्रमाणात लोकांनी त्यावर केलेल्या रील्समुळे. पण त्या रील्समध्ये होतं काय? बहुतेकांत एक माणूस, एक कॅमेरा, एक नाच आणि एकही कट नाही. आजी नाचते, शाळेच्या शिक्षिका नाचतात, लग्नातली वऱ्हाडी मंडळी नाचतात, आणि आपण शेवटपर्यंत बघतो कारण तो माणूस पूर्ण दिसतो. अंगठा थांबतो तो चेहऱ्यापाशी. झपाझप कट हा प्रेक्षकाला धरून ठेवायचा उपाय आहे ही समजूत मोबाइलच्याच पुराव्याने टिकत नाही.

जागेचंही तसंच आहे. लातूरच्या, सांगलीच्या, रत्नागिरीच्या मुलांचे व्हिडिओ मी बघते आणि कुठलं गाव आहे ते कळत नाही. रस्ता धूसर करून टाकलेला, रंग निळा-नारिंगी केलेला, इंटरनेटवरून उतरवलेलं एकच कलर प्रीसेट सगळ्या शॉटवर चढवलेलं. ड्रोन वर जातो तेव्हा सगळी गावं सारखीच दिसतात. हे शूटिंगमध्ये होत नाही, शूटिंगमध्ये गाव आलेलं असतं. एडिटमध्ये ते काढलं जातं. ज्या शॉटमध्ये मागून एसटी जाते, रसवंतीच्या चरकाची घुंगरं दिसतात, कुणी काका थांबून बघतायत, तो ‘खराब टेक’ म्हणून बाजूला पडतो. नागराज मंजुळेंच्या ‘सैराट’ची गाणी २०१६ साली घराघरांत गेली तेव्हा त्यांच्याबरोबर करमाळ्याचा सगळा परिसर गेला, तिथल्या विहिरी, उसाचे फड, धुळीचे रस्ते. अजय-अतुलने त्याच्या संगीतासाठी परदेशी सिंफनी वाद्यवृंद वापरला, आणि कुतुब इनामदार यांनी एडिट करताना त्या भव्य आवाजासमोर ते साधं माळरान तसंच उभं ठेवलं. दोन्ही एकमेकांच्या उंचीला पोचले. विद्यार्थी त्यातून काय घेतात? स्लो मोशन. पाखरं उडतानाचं स्लो मोशन घेतात आणि माळरान सोडून देतात. याला मुलांपेक्षा आम्ही शिकवणारे जास्त जबाबदार आहोत, कारण स्लो मोशन कसं करायचं ते आम्ही शिकवलं आणि गाव कसं ठेवायचं ते शिकवलं नाही.

स्लो मोशनवरून आठवलं. ओठ जुळवून संथ गती हवी असेल तर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, गाणाऱ्याने दुप्पट वेगाने ओठ हलवायचे, शूटिंग ५० फ्रेमवर करायचं आणि ते २५ वर चालवायचं. ओठ गाण्याबरोबर येतात आणि केस, पदर, पाणी संथ हलतं. कोल्डप्लेच्या ‘द सायंटिस्ट’मध्ये तर सगळंच उलटं चालतं आणि क्रिस मार्टिनचे ओठ तरीही शब्द म्हणतात, कारण तो गाणं उलटं म्हणायला शिकला होता. अशी युक्ती मुलांनी जरूर करावी. तिला आधी ठरवावं लागतं, सराव लागतो, गाणारा माणूस तिच्यात पुरता गुंततो. शूटिंगनंतर बटण दाबून केलेल्या संथपणात यातलं काही नसतं. तिथे फक्त फ्रेम ताणलेल्या असतात.

एडिटच्या टेबलावरचा आणखी एक प्रश्न आहे, आणि त्यावर वर्गात जवळपास कुणी बोलत नाही. फुटेजमधली माणसं एडिट करणाऱ्याच्या ओळखीची असतात. आठ जणांचा गट असेल तर आठही जणांना आपण दिसायला हवं असतं. मग एडिटर मैत्रीखातर प्रत्येकाला चार सेकंद देतो आणि व्हिडिओ हजेरीपटासारखा होतो. हे टाळायला मी एकच मार्ग सुचवते: गटाने शूटिंगच्या आधी ठरवावं की हे गाणं कुणाचं आहे. गाण्यात ‘मी’ कोण आहे. ते एकदा ठरलं की कुणाला किती सेकंद हा वाद राहत नाही, आणि राहिला तरी गटाला एकमेकांशी बोलायला काहीतरी आधार असतो.

मुलींच्या बाबतीत जबाबदारी याहून मोठी आहे. नाचताना ओढणी सरकलेला, कॅमेरा खालून वर गेलेला, वाऱ्याने कुर्ता उडालेला शॉट फुटेजमध्ये असतो. ठोक्याला साजेसा म्हणून तो उचलला जातो. कट करणारा बहुतेक वेळा मुलगा असतो, त्याच्या मनात वाईट काही नसतंही, पण व्हिडिओ इंटरनेटवर गेल्यावर खाली जे लिहिलं जातं ते त्या मुलीला, तिच्या भावाला आणि गावातल्या चुलत्याला वाचायला मिळतं. काही घरांत एवढ्याने मुलीचं कॉलेज अडचणीत येतं. तेव्हा फायनल कट करण्याआधी फुटेजमधल्या प्रत्येकीला तिचे शॉट दाखवायचे आणि ती नको म्हणाली तर कारण न विचारता काढायचे, हा नियम विभागाने लेखी करायला हवा. ‘अगं, पण तो शॉट छान आहे’ हा युक्तिवाद त्या खोलीत होता कामा नये. दिसणाऱ्या माणसाच्या हिताला एडिटर बांधलेला असतो, हे मुलांना वाङ्मयचौर्याच्या किंवा कॉपीराइटच्या नियमांइतक्याच गंभीरपणे सांगायला हवं.

आणि मग गुणांचा प्रश्न उरतो, कारण विद्यार्थी गुण जिकडे असतील तिकडे जातात आणि त्यांनी तसं जाणं स्वाभाविक आहे. मूल्यमापनाच्या तक्त्यात ‘लय आणि बीट सिंक’ असा रकाना असेल तोवर मी वर्गात काहीही बोलले तरी मार्करच जिंकणार. तो रकाना काढून टाकावा. त्याच्या जागी गटाने दोन गोष्टी जमा कराव्यात: तयार व्हिडिओ, आणि गाणाऱ्याचा मुखड्यापासून शेवटपर्यंतचा एक सलग, न कापलेला टेक. परीक्षकाने दोन्ही बघावेत. सलग टेकमध्ये जे जिवंत होतं ते एडिटमध्ये वाढलं की मेलं, हे दोन्ही पाठोपाठ बघितलं की लगेच दिसतं. काही व्हिडिओंच्या बाबतीत सलग टेकच जास्त चांगला निघेल आणि तसं झालं तर ते गटाला स्पष्ट सांगावं.

मग तोंडी परीक्षेत कुठलेही पाच कट निवडून एडिटरला विचारावं: इथे का? त्या आधीच्या शॉटमध्ये तू काय बघत होतास, आणि ते संपलं हे तुला कशावरून कळलं? उत्तर ‘बीट होता’ एवढंच असेल तर तो कट यंत्राने मारला असं धरावं. तिने श्वास घेतला होता, तिची नजर वळली होती, तो शब्द मला तिच्या आईच्या चेहऱ्यावर ऐकवायचा होता, असं काही उत्तर आलं तर कट चुकलेला असला तरी गुण द्यावेत, कारण तो मुलगा बघायला शिकला आहे आणि चुकलेला कट पुढच्या वर्षी सुधारता येतो. माझे काही सहकारी म्हणतात की एवढ्याला वेळ नाही. पाच कटांबद्दल विचारायला एका गटामागे दहा मिनिटं लागतील. तोंडी परीक्षेत तेवढी आजही असतात आणि ती सॉफ्टवेअरची नावं, कोडेक आणि रिझोल्यूशन विचारण्यात जातात. ते प्रश्न लेखी परीक्षेत घालता येतील.